तेलाचे मिलिलिटर

बडोद्याच्या विजेचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी धुवारणवर येऊन थांबते. खंभातच्या आखाताकाठचं हे केंद्र प्रामुख्याने तेलावर चालायचं. कोयलीची रिफायनरी १९६५ साली जवळच सुरू झालेली, दगडी कोळशाच्या खाणी मात्र पार मध्य भारतात. तेव्हाच्या भावात तो हिशेब बसत होता. १९७३ साली तेल भडकलं आणि हिशेब फिरला. सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखालच्या इंधन धोरण समितीने १९७४ च्या अहवालात, जमेल तिथे तेलाऐवजी कोळसा वापरावा अशी दिशा दाखवली. पुढे उभी राहिलेली उकाई आणि वणाकबोरी ही मोठी केंद्रं कोळशाचीच.

बहुतेकांच्या लेखी तेलाची गोष्ट इथे संपते. मी पेशाने इंजिनिअर, त्यामुळे मला ती इथून सुरू होताना दिसते. कारण कोळशाच्या केंद्रातही तेल जळतंच. थंड बॉयलरमध्ये कोळशाची भुकटी आपणहून पेट घेत नाही. आधी ऑइल गन लावून भट्टी तापवावी लागते. चालू युनिटची एखादी मिल बंद पडली, कोळसा ओला आला किंवा लोड फार उतरला, तरी ज्योत टिकवायला पुन्हा तेलच.

हे तेल सरकारने कसं आवरलं? अमेरिकेने १९७८ साली कायदाच केला: नव्या वीजकेंद्रांत तेल आणि नैसर्गिक वायू हे मुख्य इंधन म्हणून वापरायचे नाहीत. सवलती देत देत तो कसाबसा चालला आणि १९८७ साली त्यातला मुख्य भाग रद्द झाला. आपल्याकडे कोळशाच्या केंद्रांसाठी बंदी नव्हे, माप आलं. केंद्र सरकारच्या मार्च १९९२ च्या अधिसूचनेत स्थिरावलेल्या केंद्राला युनिटमागे ३.५ मिलिलिटर तेल मान्य होतं. तेवढ्याचा खर्च वीजदरात धरायचा, वर जळलं तर कंपनीने सोसायचं. पुढे केंद्रीय वीज नियामक आयोगाने हा आकडा २००४ साली २, २००९ साली १ आणि २०१४ साली ०.५ वर आणला.

आकडा किरकोळ वाटतो, म्हणून गणित करून बघू. २१० मेगावॅटचं युनिट दिवसभर पूर्ण भाराने चाललं तर ५० लाख ४० हजार युनिट वीज होते. जुन्या मापाने त्याला १७,६४० लिटर तेल मान्य, नव्याने २,५२० लिटर. रोज साधारण एक टँकरभर तेल ग्राहकाच्या बिलातून वगळलं गेलं, एका युनिटमागे.

हे नुसत्या दट्ट्याने झालं नाही. तेल लागतं ते मुख्यतः युनिट उठवताना. युनिट जितकं सलग चालेल तितकं युनिटमागचं तेल कमी. केंद्रं सुधारत गेली, आणि आयोग प्रत्यक्ष वापराचे आकडे बघून माप आवळत गेला. २००९ च्या नियमांत तर वाचलेल्या तेलाचा फायदा कंपनी आणि वीज घेणारे यांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा, असं ठरलं. बंदीने जे जमलं नसतं ते या वाटणीने सोपं केलं, असं माझं मत आहे.

आता मात्र काटा उलटा फिरू शकतो. दुपारी सौरवीज येते, कोळशाच्या युनिटने दबून चालावं लागतं. किमान भार २०१६ च्या नियमांनी ५५ टक्के ठरला, २०२३ च्या नियमांनी तो टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत न्यायचा आहे. वर्षात सातापेक्षा जास्त वेळा युनिट बंद करून उठवावं लागलं, तर जादा तेलाची भरपाई देण्याची सोय नियमांत आलीच आहे. म्हणजे ते मिलिलिटर पुन्हा बिलात येण्याची वाट उघडी आहे.

म्हणून एक विनंती. गुजरात विद्युत मंडळाचं मुख्यालय बडोद्यातच होतं, त्यामुळे आपल्यापैकी कित्येक घरांत तिथली निवृत्त माणसं आहेत. कुणाकडे जुन्या लॉगशीट, शिफ्टच्या डायऱ्या पडून असतील तर रद्दीत घालू नका. अधिसूचनेत मान्य तेल सापडतं; खरोखर किती जळलं ते त्या कागदांतच आहे.