विद्रुम, पोवळे आणि एकल प्रवाळ : एका वर्गीकरणाची कथा

रोह्यावरून वाहत जाणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते, आणि तिच्या मुखाशीच चौल वसले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक सागरवृत्तांत ज्या सेमुल्ला बंदराचा उल्लेख येतो ते हेच चौल, असे अभ्यासक मानतात. त्याच वृत्तात भडोच आणि मुझिरिस या बंदरांत उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रवाळाचा एक प्रकार 'आलकंदक' म्हणून येतो, आणि त्याचा संबंध अलेक्झांड्रियाशी लावला जातो. प्लिनीने तर लिहून ठेवले आहे की, रोमन लोकांना जसे हिंदी मोती तसे हिंदी लोकांना पोवळे मोलाचे वाटते. म्हणजे आपल्या काव्यात ओठांच्या उपमेला आलेले आणि नवरत्नांत मंगळाच्या वाट्याला गेलेले हे रत्न पुष्कळ अंशी भूमध्य समुद्रातून आलेले होते. पेण-रोह्याच्या वर्गात ही उपमा शिकवताना आम्ही ते सहसा सांगत नाही, सांगायला हवे.

सांगायला हवे याचे कारण शब्दात आहे. 'प्रवाल' म्हणजे कोवळा अंकुर; अमरकोशात तो वीणेच्या दांड्यालाही लावलेला आढळतो. 'विद्रुम' या शब्दात द्रुम, म्हणजे झाड, उघडच बसलेले आहे. ज्याने प्रथम हे नाव ठेवले त्याने वस्तू पाहिली आणि तिला वनस्पतींत टाकले. नाव देणे हेच पहिले वर्गीकरण होते, आणि ते चुकीचे होते. युरोपातही निराळे काही घडले नाही. १७०६ साली मार्सिली या इटालियन सरदाराने पाण्यात ठेवलेल्या पोवळ्याच्या फांदीवर पांढरी 'फुले' उमललेली पाहिली, आणि पोवळे वनस्पती असल्याचा निर्वाळा मिळाला असे सर्वांना वाटले. पुढे १७२०च्या दशकात मार्सेय येथील पेसोनेल या वैद्याने ती फुले नसून प्राणी आहेत, असे म्हटले. पॅरिसच्या अकादमीत रेओम्युरने हे मत मांडताना पेसोनेलचे नावही घेतले नाही. त्याची अब्रू वाचावी म्हणून, असे म्हणतात! पेसोनेल खरा ठरायला पुढची वीस वर्षे गेली. गंमत अशी की, त्यानंतर शंभर वर्षांनी एरेनबर्गने या वर्गाला जे नाव दिले ते 'अँथोझोआ', म्हणजे पुष्पप्राणी. फूल काही सुटले नाही.

आता आमच्या मूळ विषयाकडे. पोवळे आणि पाषाण-प्रवाळ हे एक नव्हेत. पोवळ्याच्या जीवाला आठ संस्पर्शक असतात. पाषाण-प्रवाळाच्या जीवाची रचना सहाच्या पटीत असते. पाषाण-प्रवाळांचे आज दीड हजारांहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. बहुतेकांच्या मनात प्रवाळ म्हटले की वसाहत उभी राहते : हजारो जीवांनी मिळून बांधलेले बेट. परंतु यांतले कितीतरी प्रवाळ एकल आहेत. एक जीव, त्याचा एक चुनखडीचा पेला, आणि पेल्यात मध्याकडे वळलेले उभे पडदे. फुंजिया हा त्यांतला सर्वांत देखणा. रुम्फियसने अँबोइना बेटावर त्याला दगडी अळंबी म्हटले. लिनीअसने १७५८ साली त्याला 'मॅड्रेपोरा'त घातले. १८०१ मध्ये लामार्कने त्याला स्वतंत्र प्रजाती दिली. त्याचा डिंभ खडकावर बसतो, देठ धरतो, देठावर तबकडी वाढते, आणि एके दिवशी ती सुटून मोकळी होते. वाळूखाली गाडली गेली तर अंग फुगवून ती वरही येते. लहानपणी झाड आणि मोठेपणी भटक्या, असे हे चरित्र.

खोल समुद्रातील एकल प्रवाळांचा हिंदी इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. 'इन्व्हेस्टिगेटर' हे सर्वेक्षणाचे जहाज मुंबईच्या गोदीत बांधले गेले. त्यावर वैद्य-निसर्गाभ्यासक म्हणून १८८८ मध्ये रुजू झालेल्या आल्कॉकने जहाजाने गोळा केलेल्या खोल समुद्रातील प्रवाळांचे वर्णन १८९८ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध केले. कॅरिओफिलिया अँब्रोशिया हे नाव त्याचेच. हे प्रवाळ अंधारात राहतात. उथळ पाण्यातील भाईबंदांप्रमाणे शैवालाच्या उसन्या अन्नावर जगत नाहीत.

जुन्या वर्गीकरणाचा पाया सांगाड्याचा आकार हा होता. १९९६ पासून जनुकांच्या तुलनेने तो पाया हलवला. एकलपणा हे कुळाचे लक्षण नाही, एकाच कुळात एकल आणि वसाहती शेजारी नांदतात, हे दिसून आले. त्याहून महत्त्वाचे असे की, २०१० च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत वंशवृक्षाच्या अगदी बुडाशी जी दोन कुळे सापडली ती दोन्ही एकल आणि शैवालरहित प्रवाळांची आहेत. मग पहिला पाषाण-प्रवाळ एकटाच होता आणि वसाहत हे नंतरचे प्रकरण, असे अनुमान निघते. समूह आधी आणि व्यक्ती नंतर, असे समाजेतिहासात शिकवणाऱ्या आम्हांला हे वाचून क्षणभर थांबावे लागले. तुलना फार ताणू नये, हे खरेच.

वर्गीकरण हा केवळ ग्रंथालयातला खेळ आहे असे कुणी समजू नये. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत पाषाण-प्रवाळांचा सबंध गण घालण्यात आला. म्हणूनच २०२० मध्ये मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी हाजीअली आणि वरळी येथील प्रवाळ हलवताना या कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली. खडकावरची ती खरबरीत साल 'दगड' ठरली असती, तर कुणी विचारलेही नसते. धरमतरच्या खाडीच्या गढूळ पाण्याकडे पाहून आमच्या विद्यार्थ्यांना प्रवाळ म्हणजे लक्षद्वीपचा मामला वाटतो. तो मुंबईच्या भिंतीपाशी निघाला.

राहिला प्रश्न मराठी शब्दाचा. 'एकाकी प्रवाळ' असे भाषांतर आम्ही एका टाचणात पाहिले. नवकथेच्या समीक्षेने 'एकाकी' या शब्दावर इतके ओझे लादले आहे की, तो येथे नको, 'एकल' बरा. तोही पुरता बिनचूक नाही. हेटेरोसायाथस हा बोटाच्या पेराएवढा एकल प्रवाळ शिंपल्यावर बसून वाढतो आणि त्याच्या पोकळीत एक कृमी राहतो. प्रवाळ कृमीला घर देतो. कृमी प्रवाळाला वाळूवरून ओढत नेतो, उलटला तर सरळ करतो. जपानी संशोधकांना २०१७ मध्ये अशाच काही प्रवाळांत कृमीच्या जागी एक लहानसा शंखवासी खेकडा सापडला, आणि ओढण्याचे काम तोच करीत होता.