दिनविशेष : २४ नोव्हेंबर २००७
खालच्या पायरीवरचे फुटबॉल

राष्ट्रीय फुटबॉल लीगची जागा घेणारी आय-लीग २००७ मध्ये आजच्या दिवशी सुरू झाली. पहिलाच सामना गोव्याच्या दोन संघांत होता : धेंपो आणि साळगावकर. हंगाम संपला तेव्हा धेंपो विजेता होता आणि साळगावकर थेट द्वितीय विभागात घसरला होता. लोक विजेत्यांना लक्षात ठेवतात, पण खरी परीक्षा या खालच्या विभागात असते. तिथे पैसा कमी, प्रेक्षक तुरळक, आणि वर जायला मोजक्याच जागा.

२००८ मध्ये ही द्वितीय विभागीय स्पर्धा जिंकली ती जेमतेम वर्षभराच्या मुंबई एफसीने. इंग्लिश प्रशिक्षक डेव्हिड बूथ यांच्या या संघामुळे मुंबईला नव्या लीगच्या वरच्या फळीत आणखी एक संघ मिळाला. २००९ मध्ये पुणे एफसी याच वाटेने वर गेला, साळगावकरही परतला आणि २०१०-११ मध्ये थेट आय-लीगचा विजेता ठरला! मुंबई एफसी मात्र २०१६-१७ मध्ये तळाला गेला. ठाणे जिल्ह्याची पाळी आली २०२२-२३ मध्ये : अंबरनाथ युनायटेड अटलांटा हा संघ आय-लीगच्या द्वितीय विभागात उतरला. कल्याण-डोंबिवलीच्या पोरांना राष्ट्रीय स्पर्धेतला संघ इतक्या जवळ मिळावा, ही मोठीच गोष्ट.