मुख्याध्यापक घडवणारी विद्यापीठे आणि रिकामा बाक

जपानमध्ये शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. पहिलीत जाणाऱ्या मुलांचा प्रवेशसमारंभ होतो, पालक काळ्या-निळ्या पोशाखात सभागृहात बसतात आणि मुख्याध्यापक व्यासपीठावरून मुलांचे स्वागत करतात. आपल्यासाठी हाच भीमजयंतीचा महिना. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांची मुले या सभागृहांतून जपानी शाळांत दाखल झाली. माझ्या मुलीच्या प्रवेशसमारंभात बसलो असताना माझ्या मनात एक प्रश्न आला. समोर उभ्या असलेल्या या माणसाला मुख्याध्यापक म्हणून कोणी घडवले, आणि ते घडवणे यशस्वी झाले की नाही, हे कोण ठरवते?

या प्रश्नाला जपानमध्ये मोठा इतिहास आहे. १८७२ साली आधुनिक शिक्षणाची संहिता जाहीर झाली आणि त्याच वर्षी तोक्योत शिक्षक घडवणारी पहिली नॉर्मल स्कूल सुरू झाली. १८८६ मध्ये शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांच्या काळात नॉर्मल स्कूलचा आदेश निघाला. शिक्षकात आज्ञाधारकता, परस्परस्नेह आणि भारदस्तपणा हे तीन गुण बाणवावेत, असे त्यात सांगितले होते. शिक्षक म्हणजे राज्याचा विश्वासू सेवक, ही त्यामागची कल्पना होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रचना मोडली आणि शिक्षक घडवण्याचे काम विद्यापीठांकडे आले. मुख्याध्यापक मात्र अनुभवातून तयार व्हायचा. वर्षानुवर्षे शिकवावे, उपमुख्याध्यापक व्हावे, प्रांताच्या शिक्षण मंडळाची निवड परीक्षा द्यावी, असा तो मार्ग होता.

१९७८ मध्ये ह्योगो आणि जोएत्सु येथे, तर १९८१ मध्ये नारुतो येथे नव्या धर्तीची शिक्षणशास्त्र विद्यापीठे स्थापन झाली. नोकरीतील शिक्षकांना पुन्हा विद्यापीठात आणून पदव्युत्तर शिक्षण देणे हा त्यांचा एक प्रमुख हेतू होता. २००० मध्ये नियम बदलून, अध्यापनाचा परवाना नसलेल्या व्यक्तीलाही मुख्याध्यापकपदाची वाट मोकळी करण्यात आली. त्यामुळे शाळा चालवणे ही शिकवण्यापेक्षा वेगळी विद्या आहे का, हा वाद सुरू झाला. २००८ मध्ये १९ विद्यापीठांत ‘क्योशोकु दाइगाकुइन’ म्हणजे शिक्षकी पेशाची व्यावसायिक पदव्युत्तर विद्यालये उघडली, तेव्हा त्यांच्यापुढे दोन कामे होती: नवे सक्षम शिक्षक घडवणे आणि अनुभवी शिक्षकांतून शाळेचे नेतृत्व तयार करणे.

या विद्यालयांची रचना नेमकी आहे. पदवीसाठी किमान ४५ श्रेयांक लागतात, त्यांपैकी किमान १० प्रत्यक्ष शाळेतील कामाचे. अध्यापकवर्गातील निदान ४० टक्के जण शाळेच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेले असावे लागतात. वर्गव्यवस्थापन आणि शाळाव्यवस्थापन हे सर्वांना अनिवार्य असलेल्या पाच विषयक्षेत्रांपैकी एक आहे. कायद्यानुसार दर पाच वर्षांनी बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन होते आणि त्यासाठी २०१० मध्ये स्वतंत्र संस्था उभी राहिली. उद्दिष्टे, प्रवेश, अभ्यासक्रम, अध्यापकवर्ग, शिक्षणाची फलिते अशा अंगांनी ती तपासणी करते.

या शिस्तीचे महत्त्व अमेरिकेकडे पाहिले की कळते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्याशी संलग्न टीचर्स कॉलेजचे अध्यक्ष आर्थर लेव्हीन यांनी २००५ मध्ये अमेरिकेतील शाळाप्रशासकांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांवर अहवाल प्रसिद्ध केला. प्रवेशाचे निकष सैल, शिकवले जाते त्याचा शाळेच्या कामाशी संबंध तुटलेला, प्रत्यक्ष अनुभव अपुरा आणि अनेक जण पदवी घेतात ती वेतनवाढीसाठी, असे कठोर निष्कर्ष त्यांनी काढले. स्वतःच्याच क्षेत्राला असा आरसा दाखवणे हे धैर्याचे काम होते.

तरीही माझ्या मते या दोन्ही मूल्यमापनांत एक जागा मोकळी राहते. विद्यापीठ कसे आहे, हे तपासता येते. पदवीधराविषयी त्याची शाळा आणि शिक्षण मंडळ काय म्हणते, हेही विचारता येते. पण जे मूल शाळेत आलेच नाही, किंवा आले आणि गळून गेले, त्याचा अभिप्राय कोण घेणार? संगणकाच्या कामात आम्हाला हा धोका ठाऊक असतो. सर्व चाचण्या उत्तीर्ण झालेली प्रणाली ज्याच्यासाठी बांधली त्यालाच वापरता येत नाही, आणि तक्रार नोंदवण्याची वाटही त्याच प्रणालीतून जात असल्याने त्याची तक्रार कधीच पोहोचत नाही.

ही मोकळी जागा जपानमध्ये सर्वप्रथम पाहिली ती बुराकु वस्त्यांबरोबर काम करणाऱ्या शिक्षकांनी. जन्मावरून हीन ठरवलेल्या या समाजाने ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत सुइहेइशा ही संघटना स्थापन केली. आपल्याकडे बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची, म्हणजे या दोन चळवळी समकालीन होत. युद्धानंतर १९५० च्या सुमारास कोची प्रांतात दीर्घकाळ गैरहजर मुलांसाठी खास शिक्षक नेमले गेले. हे शिक्षक वर्गातील रिकाम्या बाकापासून सुरुवात करत आणि त्या मुलाच्या घरापर्यंत चालत जात. तेथे त्यांना आळस आढळला नाही. आढळले ते दारिद्र्य, घरकामाचे ओझे आणि समाजाचा तिरस्कार. त्याच प्रांतातील नागाहामा येथे १९६१ मध्ये मातांनी संविधानाचे २६ वे कलम वाचले. सक्तीचे शिक्षण मोफत असेल, तर पाठ्यपुस्तकांचे पैसे कशासाठी, असा प्रश्न त्यांनी विचारला. पुढे १९६३ मध्ये मोफत पाठ्यपुस्तकांचा कायदा झाला. आज आपल्या मुलांच्या दप्तरात जी पुस्तके विनामूल्य येतात, त्यामागे बुराकु मातांचा हा लढा आहे.

आपल्या परंपरेत हीच कसोटी आणखी आधी मांडली गेली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात शिक्षक कोणत्या वर्गातून येतात, हा प्रश्न उभा केला. शेतकरी वर्गातून आलेला, मुलांत मोकळेपणाने मिसळणारा प्रशिक्षित शिक्षक त्यांना हवा होता. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी शिक्षणखर्चाचा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात, हे त्यांनी दाखवले. सरकार किती शाळा उघडल्या ते सांगत होते. बाबासाहेब गळालेली ८२ मुले मोजत होते. ज्यांनी साताऱ्याच्या शाळेत इतरांपासून दूर गोणपाटावर बसून अक्षरे गिरवली, त्यांना शाळेचा खरा हिशेब कोठे करायचा, हे कोणी शिकवावे लागले नाही.

हा हिशेब आज आपल्याही दाराशी आला आहे. जपानमध्ये सक्तीच्या शिक्षणाचे बंधन परदेशी नागरिकांच्या मुलांना लागू नाही. २०१९ मध्ये शिक्षण मंत्रालयाने प्रथमच देशव्यापी पाहणी केली, तेव्हा जवळपास २०,००० परदेशी मुले शाळेबाहेर असण्याची शक्यता दिसली. नव्या भाषेत धडपडणाऱ्या मुलासाठी मदतनीस मागायचा की त्याला मागच्या बाकावर गप्प बसू द्यायचे, हे बऱ्याच अंशी मुख्याध्यापकाच्या दृष्टीवर अवलंबून असते.

म्हणून मुख्याध्यापक घडवणाऱ्या कोणत्याही अभ्यासक्रमाला, तो तोक्योतील असो वा महाराष्ट्रातील शालेय व्यवस्थापनाची पदविका असो, मी तीन प्रश्न विचारीन. येथे शिकायला कोणत्या समाजातील शिक्षक येऊ शकतात? येथून बाहेर पडलेल्या मुख्याध्यापकाच्या शाळेत गैरहजर मुलांची संख्या घटली का? आणि त्या मुलांच्या आईवडिलांना कोणी कधी काही विचारले का?

पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांनी काही विचारायचे आहे का असे म्हटले, तर आपण संकोचाने मान खाली घालू नये. आपल्या मुलाचे कसे चालले आहे, हे विचारावेच; पण जे मूल आज आले नाही, त्याच्याविषयीही विचारावे. नागाहामाच्या मातांनी तेच केले आणि बाबासाहेबांनी विधिमंडळातही तेच केले होते.

जय भीम!