खारबांधाचा इतिहास कुणाचा?



आम्ही मुंबईच्या गिरणीत साचे चालवणारी माणसं. पण आमची नाळ पुरली ती दिघीला, राजपुरीच्या खाडीकाठी. समोर जंजिरा. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत हा मुलूख नवाबाचा. किल्ल्याचा इतिहास पुस्तकात आहे, खाडीच्या बांधाचा मात्र आम्हाला कुणी शिकवला नाही.

रायगडच्या खाड्यांकाठी आपल्या पूर्वजांनी भरतीचं पाणी अडवून भात पिकवला. माती-दगडाचा बांध आणि त्यात उघाडी, म्हणजे झडपेचं दार. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीच्या जोराने दार मिटतं. पावसाने जमिनीतला खार धुतला की लावणी. काळा रता, भुरा रता ही खार सोसणारी भाताची वाणं त्यांनीच राखली. बांधाबाहेरची तिवर, चिप्पी, कांदळ तोडायची नाही, कारण ती लाटेचा जोर मोडतात आणि त्यांच्याच मुळांत कोळंबी, खेकडा, मासळीची पिल्लं वाढतात.

हे ज्ञान चिखलात उभं राहणाऱ्याचं. पण जमीन? ती खोताची! शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती मोडण्याचा कायदा झाला तो १९४९ साली.

म्हणून 'जुनं ते सोनं' असं आम्ही सरसकट म्हणणार नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत होती, आपल्या माणसांना मनाई होती. तीही परंपराच! २० मार्च १९२७ रोजी ती मोडावी लागली. परंपरेने आलं म्हणून मानू नका, पारखून घ्या, हीच तथागतांची कालामांना शिकवण.

पारखून पाहिलं तर तिवरीचं ज्ञान खरं उतरतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवन तोडायला बंदी केली. आपल्या आज्या ते आधीच सांगत होत्या. पण बांधाला वर्षाच्या वर्षाला माती घालावी लागते आणि हाताशी माणसं लागतात. तरुण पोरं मुंबईला गेली, त्यात आम्हीही. बांध फुटला की खारं पाणी भाताच्या शेतात शिरतं, तिथेच तिवर उगवते आणि पीक कायमचं जातं. बाहेर तिवर, आत भात, हा तोल माणसानेच सांभाळायचा असतो.

गावाकडे बांध घातलेली म्हातारी माणसं अजून आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावं, त्यांच्या नावानिशी सगळं लिहून घ्यावं. आपल्या हातांनी घातलेल्या बांधावर आजवर दुसऱ्याचंच नाव लागलं. निदान वहीत तरी आपलं असू द्या.

जयभीम!