भोगलेली शिक्षा आणि नोकरीचा अर्ज

गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी एक छापील कागद घेऊन मजकडे आला. सरकारी नोकरीसाठीं त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा साक्षांकन नमुना त्याला भरून द्यावयाचा होता. नांव, गांव, शिक्षण हीं सारीं कलमें त्यानें सुवाच्य अक्षरांत भरलीं होतीं. एक रकाना मात्र कोरा होता. आपणांस केव्हां अटक झाली आहे काय, आपणांवर खटला झाला आहे काय, न्यायालयानें आपणांस दोषी ठरवून शिक्षा अथवा दंड केला आहे काय, असा त्या रकान्यांतील प्रश्न होता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं मिरवणुकींतील एका मारामारीपायीं त्याला दंड झाला होता. तो त्यानें त्याच दिवशीं भरला होता, आणि त्या गोष्टीला आठ वर्षें होऊन गेलीं होतीं. "गुरुजी, 'होय' लिहूं कीं 'नाहीं' लिहूं?" असें त्यानें मला विचारलें.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' हे दोन शब्द मी आयुष्यभर लिहीत आलों. या मुलाच्या दाखल्यावरहि ते आहेत. पण त्या दोन शब्दांची सत्ता शाळेच्या फाटकापाशींच संपते.

श्रोतेहो, मीं त्याला काय सांगितलें तें शेवटीं सांगेन. तत्पूर्वी, मनुष्याच्या जुन्या अपराधाची आठवण ठेवण्याची व्यवस्था कशी निर्माण झाली, ती कोठें थांबवावी याचा विचार इतर देशांनीं कसा केला, आणि आपल्याकडे कोणती गोष्ट ठरावयाची राहिली आहे, एवढा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

पूर्वीच्या काळीं गुन्ह्याची आठवण कागदावर नव्हे तर अंगावर ठेवीत असत. इंग्लंडांत चोराच्या अंगठ्यावर तापलेल्या लोखंडाचा डाग देत. फ्रान्समध्यें असा डाग खांद्यावर देत. ती चाल १८३२ सालीं बंद झाली. आपल्याकडे बंगाल इलाख्यांत जन्मठेपीच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदण्याची पद्धत कंपनी सरकारनें चालविली होती. ती १८४९ मध्यें उठविण्यांत आली. ही शिक्षा अमानुष खरीच. परंतु ती बंद झाल्यावर सरकारपुढें एक नवी अडचण उभी राहिली. कपाळ कोरें असलेला मनुष्य दुसऱ्या जिल्ह्यांत जाऊन दुसरें नांव सांगूं लागला, तर त्याला ओळखावयाचें कसें?

ही अडचण सरकारची होती. सुटून आलेल्या मनुष्याला मात्र तींतच एक आधार होता. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ सालच्या 'ले मिझराब्ल' या कादंबरीचा नायक ज्याँ वालज्याँ हा पावाच्या चोरीपायीं तुरुंगांत जातो आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळें शिक्षा वाढत जाऊन एकोणीस वर्षांनीं सुटतो. सुटतांना त्याच्या हातीं पिवळा परवाना देण्यांत येतो आणि तो पाहून कोणी त्याला थारा देत नाहीं. पुढें तो दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या नांवानें राहतो, उद्योग उभारतो आणि त्या गांवचा नगराध्यक्ष होतो. ही गोष्ट कल्पित असली तरी त्या काळाला ती अशक्य वाटण्याजोगी नव्हती. गांव ओलांडलें कीं आठवण मागें पडत असे.

ही वाट पुढें बंद झाली, आणि ती बंद करणारें साधन आपल्याच देशांत घडलें, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाहीं. १८५८ सालीं बंगाल्यांतील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्यानें रस्त्याच्या कामाचा माल पुरविणाऱ्या राज्यधर कोनाई नांवाच्या मक्तेदाराकडून करारनाम्यावर हाताचा ठसा उमटवून घेतला. करार नाकारण्याचा प्रसंग पुढें येऊं नये एवढाच त्यांतील हेतु होता. पुढें हुगळी येथें १८७७ मध्यें त्यानें दस्तऐवजांसाठीं आणि तुरुंगांतील कैद्यांसाठीं बोटांच्या ठशांचा उपयोग सुरू केला. परंतु हजारों ठशांतून हवा तो ठसा शोधून काढावयाचा कसा, हें कोडें तसेंच राहिलें. तें एडवर्ड हेन्री हा बंगालचा पोलीस महानिरीक्षक असतांना त्याच्या कचेरींत सुटलें. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचा त्या कामांत मोठा वांटा होता. दहा बोटांवरील रेषांच्या आकृतींवरून १०२४ मुख्य वर्ग पाडावयाचे आणि प्रत्येक पत्रिका आपल्या वर्गाच्या खणांत ठेवावयाची, अशी ती योजना होती. १८९७ मध्यें कलकत्त्यास अशा ठशांची कचेरी स्थापन झाली. लंडनच्या स्कॉटलंड यार्डांत तशी कचेरी निघाली ती त्यानंतर चार वर्षांनीं, १९०१ मध्यें.

या शोधानें निरपराधी माणसांचीहि सुटका झाली आहे, हें विसरून चालणार नाहीं. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला कीं राज्याची स्मृति अमर झाली. कपाळावरचें गोंदण गेलें आणि त्याची जागा कचेरींतील पत्रिकेनें घेतली. गोंदण पागोट्याखालीं झांकतां येत असे. पत्रिका झांकण्याचा उपाय नाहीं. आपल्याकडे २०२२ मध्यें झालेल्या कायद्यान्वयें आरोपी व शिक्षा झालेल्या व्यक्तींचीं मापें आणि ठसे ७५ वर्षेंपर्यंत जतन करण्याची तरतूद आहे. निर्दोष सुटलेल्यांची नोंद, पूर्वीची शिक्षा नसल्यास, नष्ट करण्याचीहि तरतूद त्यांत आहे. परंतु ज्याला एकदां शिक्षा झाली, त्याची नोंद बहुधा त्याच्याहून अधिक जगणार.

स्मृति अमर झाल्यावर विस्मृतीचाहि कायदा करावा लागतो, हें प्रथम स्पष्टपणें जाणणाऱ्या देशांपैकीं इंग्लंड हा एक. तेथें १९७२ मध्यें लॉर्ड गार्डिनर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें जुन्या शिक्षांच्या प्रश्नावर आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यावरून १९७४ सालीं अपराध्यांच्या पुनर्वसनाचा कायदा मंजूर झाला. त्याचें तत्त्व सोपें आहे. शिक्षा झाल्यावर ठराविक काळ नवा गुन्हा न करतां गेला, म्हणजे ती शिक्षा 'सरली' असें समजावयाचें. मूळ कायद्यांत दंडासाठीं पांच वर्षें, सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेसाठीं सात वर्षें आणि त्यापुढें तीस महिन्यांपर्यंतच्या कैदेसाठीं दहा वर्षें अशी मुदत होती. तीस महिन्यांहून अधिक कैद झालेल्याची शिक्षा मात्र कधींच सरत नसे.

या कायद्यांतील खरी मौज पुढें आहे. शिक्षा सरलेल्या मनुष्याला मालकानें पूर्वीच्या गुन्ह्याविषयीं विचारलें असतां, तो प्रश्न सरलेल्या शिक्षेसंबंधीं नाहींच असें धरून उत्तर देण्याची मुभा कायदा त्याला देतो. म्हणजे त्याला खोटें बोलण्याची परवानगी मिळाली असें नव्हे. प्रश्नाचाच अर्थ कायद्यानें आकुंचित केला. सत्य बोलणाऱ्यावरचें ओझें विचारणाऱ्याच्या मर्यादेनें हलकें केलें, असें मी म्हणेन.

या नियमाला अपवाद अर्थातच आहेत. मुलांचा सांभाळ, वैद्यकी, वकिली अशा कामांसाठीं १९७५ च्या हुकुमान्वयें सरलेल्या शिक्षाहि विचारतां येऊं लागल्या. मी शाळामास्तर होतों. मुलांजवळ ज्याला ठेवावयाचें त्याचा पूर्वेतिहास शाळेला ठाऊक असावा, हें मला पूर्णपणें मान्य आहे. पण अपवाद किती ताणावा यालाहि सीमा लागते. तेथील एका मुलाला अकराव्या वर्षीं दोन सायकलींच्या चोरीबद्दल पोलिसांनीं ताकीद दिली होती. पुढें सतराव्या वर्षीं फुटबॉल क्लबांतील अर्धवेळ नोकरीसाठीं आणि त्यानंतर विद्यापीठांत क्रीडाविषयक अभ्यासक्रमासाठीं चौकशी झाली, तेव्हां ती ताकीद दोन्ही वेळां उजेडांत आली. २०१४ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें असें सरसकट प्रकटन खाजगी जीवनाच्या हक्काशीं विसंगत ठरविलें. कायद्याच्या मुदतीहि पुढें बऱ्याच कमी झाल्या. इंग्लंड व वेल्समध्यें ऑक्टोबर २०२३ पासून एक वर्षापर्यंतची कैद, शिक्षेचा काळ संपल्यावर एका वर्षानें सरते. चार वर्षांहून अधिक कैदहि, कांहीं गंभीर गुन्हे वगळल्यास, सात वर्षांनीं सरते.

आतां आपल्याकडे वळूं. अपराध्यावर विश्वास टाकण्याची कल्पना आपल्याला परकी आहे असें मुळींच नाहीं. आटपाडीजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानांत, १९३९ मध्यें स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली. राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांचा आश्रय आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थांची प्रेरणा तिच्यामागें होती. भिंती नाहींत, बेड्या नाहींत. कैद्यांनीं शेती करावी आणि कुटुंबासह राहावें, अशी ती योजना. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाला याच प्रयोगाचा आधार होता. चित्रपट घरोघर ठाऊक आहे. परंतु वसाहतींतून बाहेर पडून कैदी नोकरीच्या दारीं उभा राहिला म्हणजे काय, हा प्रश्न चित्रपटाच्या पलीकडचा आहे.

त्याचें उत्तर आपल्या कायद्यांत तुकड्यातुकड्यांनीं सांपडतें. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या बाराव्या कलमानें, ताकीद देऊन अथवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलेल्या व्यक्तीस दोषसिद्धीमुळें येणारी अपात्रता लागू होत नाहीं. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या चोविसाव्या कलमानें अल्पवयीनाची अपात्रता दूर होते आणि त्याच्या नोंदी यथाकाल नष्ट करावयाच्या असतात. सोळा वर्षें पूर्ण झालेल्या मुलांनीं केलेल्या अतिगंभीर गुन्ह्यांपुरता त्याला अपवाद आहे. पण प्रौढ मनुष्याला दंड अथवा कैद झाली, ती त्यानें भोगली आणि पुढें वर्षानुवर्षें नीट वागला, तर अमुक काळानें ती सरली असें सांगणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाहीं.

त्यामुळें हा भार न्यायालयांवर येऊन पडला. २०११ मध्यें दिल्ली पोलिसांत भरती होऊं पाहणाऱ्या एका तरुणाचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. तडजोडीनंतर तो एका मारामारीच्या खटल्यांतून निर्दोष सुटला होता. अर्जांत त्यानें ही गोष्ट लिहिली नव्हती, मात्र पुढें साक्षांकन नमुन्यांत ती स्वतःच लिहिली. तरुणपणीं माणसाच्या हातून अविचार घडतात, त्याकडे थोड्या उदार दृष्टीनें पाहावें, असें न्यायमूर्तींनीं म्हटलें आणि आपल्या निकालपत्रांत ज्याँ वालज्याँची आठवण केली.

त्यानंतर २०१६ मध्यें अवतार सिंग यांच्या खटल्यांत तीन न्यायमूर्तींनीं या विषयाचे नियम एकत्र घालून दिले. उमेदवारानें दिलेली माहिती खरी असली पाहिजे. परंतु जें स्पष्ट विचारलें आहे तेवढेंच सांगण्यास तो बांधलेला आहे. लहान वयांत घोषणा देण्यासारख्या क्षुल्लक गोष्टी दडविल्या गेल्या असल्या, तर नेमणूक करणाऱ्यानें विवेक करून त्या सोडून द्याव्या. गंभीर गुन्हा दडविला असेल तर नेमणूक रद्द होऊं शकते. आणि शेवटीं हेंहि सांगितलें कीं उमेदवारानें सारें खरें लिहिलें तरीहि, त्याचा पूर्वेतिहास पाहून त्याला न घेण्याचा अधिकार मालकाला राहतो.

हा शेवटचा नियम नीट ध्यानांत घ्यावा. लपविलें तर लबाडी म्हणून नोकरी जाण्याचें भय. सांगितलें तर भूतकाळ म्हणून नोकरी न मिळण्याचें भय. विवेक करावा असें न्यायालय सांगतें, पण विवेकाला काळाची मोजपट्टी लावून देणें हें कायदेमंडळाचें काम आहे. विवेक प्रत्येक कचेरींत निराळा. मुदत सर्वांना सारखी. ठशांची विद्या ज्या देशांत घडली, त्या देशानें तिच्या जोडीला ही मुदत ठरविलेली नाहीं. बँकेची तिजोरी, पोलिसांचा दंडुका, मुलांचा वर्ग अशा जागांसाठीं कडक अपवाद ठेवावेत. त्याविरुद्ध कोणी बोलणार नाहीं. पण मिरवणुकींतील मारामारी आणि विश्वासघात यांना एकाच रकान्यांत, एकाच 'होय'नें, जन्मभर कोंडून ठेवणें हें न्यायाला धरून नाहीं. उमेदवारानें सत्य सांगावें, ही त्याची बाजू. तें किती काळ विचारावें हें आधीं सांगून ठेवणें, ही राज्याची बाजू. आपण पहिली बाजू छापील अक्षरांत बजावली आहे, दुसरी अद्याप लिहिलेली नाहीं.

त्या मुलाला मीं 'होय' लिहावयास सांगितलें. न्यायालयाचें नांव, कलम, दंडाची रक्कम, तो भरल्याची तारीख, सारें लिहावयास लावलें आणि पावतीची प्रत जोडविली. खोटें लिही असें शाळेत ज्यानें कधीं सांगितलें नाहीं, त्याला तें निवृत्तीनंतरहि सांगतां येईना. सही करतांना त्याचा हात थोडा अडखळला; पण त्यानें सही केली.

कागद देऊन पांच महिने झाले. उत्तर अजून आलेलें नाहीं. तो अधूनमधून घरीं येतो, इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलतो आणि तो विषय न काढतां परत जातो. मीहि काढीत नाहीं.