गोवर्धन : द्राक्षबागांच्या गावाचे जुने दप्तर

१/ वाइन-पर्यटनासाठी नाशिकला आलेला पाहुणा सकाळी काळ्या मसाल्याची मिसळ खातो आणि दुपारी गंगापूर रस्त्याने गोवर्धनच्या शिवारात पोहोचतो. ‘सुला’ची पहिली वाइन इ.स. २००० मध्ये याच परिसरातून बाजारात आली. गोवर्धन हे नाव मात्र सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत कोरलेले आहे.

२/ ते वाचण्यासाठी मिसळ आणि द्राक्षबाग यांच्या मधल्या वेळात पांडवलेणींचा डोंगर चढावा. लेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी. येथील दहावे लेणे क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला दान दिले.

३/ लेण्यासोबत त्याने ३००० कार्षापणांचा कायमचा निधीही दिला. तो गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवला : २००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट होती.

४/ या लेखातील हिशेब आजही पडताळता येतो. २००० वर वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो. २० गुणिले १२, बरोबर २४०. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवला गेला.

५/ याच लेण्यातील दुसऱ्या लेखात उषवदाताने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे चौसोपी विश्रामगृहे दिल्याची नोंद आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच. ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथानुसार त्या बंदरात इटलीची वाइन उतरत असे आणि राजासाठी उंची वाइन येत असे. त्या ग्रंथातील ‘नम्बानस’ हा राजा म्हणजे नहपानच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या राज्यात गोवर्धन होते, त्या राज्यात वाइन ही समुद्रापारहून येणारी चैन होती.

६/ पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पराभव केला. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा उमटवला होता. सत्तांतराचा इतका बोलका पुरावा विरळाच.

७/ पांडवलेणींतील तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत विजयानंतरचे दप्तर आहे. राज्यवर्ष १८ मध्ये विजयी छावणीतून गौतमीपुत्राने गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा धाडली : अपरकखडी गावातील, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तनांचे शेत तिरण्हुच्या भिक्षूंना द्यावे. त्या शेतात सैनिकांनी शिरू नये, अशी सवलतही जोडली.

८/ सहा वर्षांनी, राज्यवर्ष २४ मध्ये, गोवर्धनच्या अमात्याला दुसरी आज्ञा आली. पूर्वी दिलेले कखडीचे शेत कोणी कसत नाही आणि ते गाव वसलेले नाही, म्हणून भिक्षूंना नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत, असे तीत म्हटले आहे.

९/ गाव का ओसाड पडले, हे लेख सांगत नाही. पण जिंकलेल्या राजाचे दान निरुपयोगी ठरले होते, आणि हे त्याच्याच दप्तराने दगडावर मान्य केले आहे. प्रशस्तीत राजाचा पराक्रम दिसतो. या दोन ओळींत त्याच्या सत्तेची मर्यादा दिसते. जमीन देता येते, पण ती कसणारी माणसे आज्ञेने उभी करता येत नाहीत.

१०/ आज गोवर्धनच्या परिसरात वाइन परदेशातून यावी लागत नाही. ती तेथेच तयार होते. त्यामागे एप्रिलमधली खरड छाटणी, पावसाळा सरताना होणारी गोडी छाटणी आणि ती करणारे असंख्य हात असतात. बाटलीवर त्यांची नावे नसतात, जशी शिलालेखात विणकरांची नव्हती. पेला उचलण्यापूर्वी तिसऱ्या लेण्याची ओसरी पाहिलेली असली, तर हे हात नजरेतून सुटणार नाहीत.