घरच्या शेडमध्ये लेथ हलवताना काय सांभाळाल?

उद्यमबागेतला जुना लेथ घेऊन घरामागच्या शेडमध्ये बसवणारे बेळगावात कमी नाहीत. साडेचार फुटी लेथसुद्धा सहज अर्धा टन भरतो. भार हेडस्टॉककडे आणि वरच्या अंगाला असल्याने तो घसरण्यापेक्षा कलंडण्याचीच भीती जास्त.

आधी चक काढावा. टेलस्टॉक आणि कॅरेज दुसऱ्या टोकाला नेऊन आवळावेत, म्हणजे तोल थोडा सावरतो. पहारीने एका वेळी इंचभरच उचलायचं आणि लगेच लाकडी ठोकळा सारायचा; खाली हात घालायचा नाही. सपाट फरशीवर सारख्या जाडीचे तीन-चार पाईप घालून ढकलता येतो, उतारावर मात्र पाईप नकोतच.

चेन पुली कौलारू घराच्या वाशाला टांगणं म्हणजे छप्पर अंगावर घेणं. पट्टा लीड स्क्रूवरून नेला तर स्क्रू वाकतो. दोन पट्टे फाकून आडव्या रेषेशी 30 अंशांवर आले, की प्रत्येकावर लेथच्या पूर्ण वजनाएवढा ताण येतो. 60 अंश ठेवावेत.

इशारा देणारा एकच असावा. लेथ कलंडू लागलाच तर धरायला जाऊ नये, सगळ्यांनी बाजूला व्हावं. बेड तुटला तर तुटू दे.